पैसे घेतले, छप्पर नेलं

मी सिल्वासातली एक भाड्याची जागा बोलतेय. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. माझी मालकीण शैलजाबाई, इथल्या शाळेत शिक्षिका, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नवरा गेल्यावर त्या शाळेजवळ एका खोलीत राहायला गेल्या आणि मला भाड्याने दिलं. लेकीचं, जुईचं, नाशिकचं नर्सिंग माझ्याच भाड्यावर चाललं होतं.

भाडेकरू येताना हसतमुख; जाताना भिंतीत खिळे आणि तुंबलेली मोरी. छप्पर गळतं म्हणून सगळे ओरडायचे, पण सरकलेलं कौल नीट करायला कुणी कधी शिडी लावली नाही.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात खडोलीच्या कारखान्यातले अमोलसाहेब मला बघून गेले. "छप्पर नीट करा, जूनमध्ये राहायला येतो," म्हणाले. बाईंनी सुधाकर ठेकेदाराला बोलावलं.

"बाई, मालाचे भाव रोज चढतायत. सगळे पैसे आत्ताच द्या, पंधरा दिवसांत चावी तुमच्या हातात."

बाईंनी दिले. त्याने कौलं उतरवली, वासे काढून नेले, आणि दुसरीकडे शेडचं मोठं काम मिळताच पाठ फिरवली. मी उघडी पडले. शाळा सुटली की बाई माझ्यात उभ्या राहून आभाळाकडे बघायच्या, मग त्याच्या घरी जायच्या. "उद्या माणसं धाडतो," एवढंच ऐकून परत.

एके दिवशी गलोंडा गावची भिमाबाई पडवीत येऊन बसली. माझी कौलं तिनेच उतरवली होती.

"बाई, आमची मजुरी?"

"अगं, मी सगळे पैसे दिले त्याला!"

"त्याला दिले. आमाला नाय ना."

बाई चिडून काही बोलणार होत्या. मग तिच्या शेजारीच मटकन बसल्या. पुढे त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं. आधी भिमाबाईची मजुरी चुकती केली, मग नवे वासे आणले. दिवसाचं काम झालं की स्वतः मजुरांच्या हातावर पैसे ठेवायच्या.

छप्पर चढलं, पण तोवर पाऊस आत येऊन गेला होता. अमोलसाहेबांनी दुसरी जागा घेतली. आणि सुधाकर उगवला!

"झालं ना काम, बाई? पडवीत ठेवलेल्या माझ्या फळ्या न्यायला आलो."

बाईंनी त्याला शिवी घातली. कोणती ते सांगत नाही. शिक्षिका आहेत त्या.

मी अजून रिकामीच आहे. कर्जाचा हप्ता चालू, भाडं बंद. जुईची फी कुठून भरली, बाई बोलल्या नाहीत.

जागामालकांनो, एवढं ऐका: जेवढं काम वर चढेल तेवढेच पैसे द्या. आणि कुणाला जागा हवी असेल, तर शाळेत शैलजाबाईंना विचारा. भिंतींना ओल आहे, खोटं कशाला बोलू? पण छप्पर आता गळत नाही.