एकोणतिसावं उत्तर

स्टेनोबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. सव्वीस वर्षं फौजदारी कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून चार पावलांवर बसून माणसं खोटं कसं बोलतात ते त्यांनी पेन्सिलीने उतरवून घेतलं होतं. शपथ घेऊन बोलतात, डोळ्यांत पाणी आणून बोलतात, वर पाण्याचा ग्लास मागून घेऊन पुन्हा बोलतात. एवढं सगळं ऐकल्यावर दूधवाला "उद्या नक्की" म्हणाला तरी बाई मनातल्या मनात त्याची उलटतपासणी सुरू करायच्या. नवरा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला. घरात आलेला साखरेचा पुडा आधी काट्यावर चढायचा, मग डब्यात जायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

संशय घेतला नव्हता तो फक्त एका गोष्टीवर, स्वतःच्या हातावर. वकील मंडळीसुद्धा भांडता भांडता म्हणायची, बाईंच्या वहीत असेल तर असेल, नसेल तर नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि बाईंना हे वाक्य घेऊनच घरी जायचं होतं.

त्या सोमवारी अधीक्षकांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं तेव्हाच बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अधीक्षक म्हणजे पोटातलं ओठावर येऊ न देणारा माणूस, त्यांनी नुसता एक कागद पुढे सरकवला. वरच्या कोर्टात एक अर्ज आला होता. त्यात लिहिलं होतं की गोदामाच्या खटल्यातली साक्षीची नोंद खोटी आहे.

खटला बाईंना आठवत होता. एका गोदामाला आग लागली, मागच्या दाराला कुलूप होतं आणि आत एक हमाल गुदमरून मेला. चावी पहारेकऱ्याच्या ताब्यात असायची, म्हणून सात वर्षांची शिक्षा पहारेकऱ्याला झाली. तो बिचारा पहिल्यापासून सांगत होता की चावी त्या दिवशी सकाळीच मुकादमाने मागून घेतली होती. मुकादमाला उलटतपासणीत तसं सरळ विचारलंही होतं. टाइप केलेल्या नोंदीत एकोणतिसाव्या प्रश्नाखाली त्याचं उत्तर होतं, "मला आठवत नाही." आता पहारेकऱ्याच्या बहिणीने शपथेवर लिहून दिलं होतं की ती त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसली होती आणि मुकादम "हो, घेतली होती" असं म्हणाला, हे तिने आपल्या कानांनी ऐकलं. निकाल लागून सोळा महिने झाले होते. भाऊ आत होता.

बाईंचा पहिला संशय त्या बहिणीवर गेला, तो जायचाच. सोळा महिने झोपली होती का ही? पण अर्जात त्याचंही उत्तर होतं. भावाचा तेव्हाचा सरकारने दिलेला कोवळा वकील शेवटच्या युक्तिवादात म्हणाला होता की मुकादमाने चावी घेतल्याचं कबूल केलंय. न्यायाधीशांनी नोंद उघडून दाखवली आणि वकील ओशाळून खाली बसला. बहीण तेव्हापासून दारोदार हेच सांगत फिरत होती, आता कुठे तिला एक ऐकणारा वकील मिळाला होता.

मग बाईंच्या लक्षात आलं की त्या दिवसाची वही जरी त्यांची असली तरी त्यावरून टायपिंग धाकटीने केलं होतं. धाकटी म्हणजे कार्यालयातली दुसरी स्टेनो. तिला या धंद्यातलं सगळं बाईंनीच शिकवलेलं, स्वतःच्या ठेवणीतल्या खुणांसकट. साऱ्या इमारतीत बाईंची लघुलिपी वाचू शकणारं दुसरं माणूस तेवढं एकच. त्या संध्याकाळी बाईंना दाढ काढून घ्यायला जायचं होतं, म्हणून वही तिच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने, ताडून न पाहता, बाईंनी खाली सही ठोकली होती. मुकादमानेही केली होती, आणि त्याने मात्र एकेक ओळ वाचून केली होती.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे आता बाईंना स्पष्ट दिसायला लागलं. एकदा दिसायला लागल्यावर काय, सगळंच दिसतं. धाकटी हल्ली फोन आला की उठून जिन्यात जाते. तिने नवी स्कूटर घेतली आहे. मुकादमाच्या मालकाच्या वकिलाबरोबर ती नकला विभागाच्या खिडकीशी उभी राहून हसत होती, हे बाईंनी स्वतः पाहिलं होतं, मागच्याच महिन्यात. त्या हसण्यात काय होतं कोण जाणे, पण बाईंना आता ते चांगलं वाटेना. आपण जिला हाताला धरून शिकवलं तिनेच केसाने गळा कापला, या विचाराने त्यांना दोन घास गेले नाहीत.

मंगळवारी त्यांनी तिला गाठलं आणि गोल गोल न फिरता विचारलं. धाकटी रडली नाही की चिडली नाही. तिने एवढंच सांगितलं की वहीत होतं तेच मी टाइप केलं, तुमची वही काढून बघा. झालं. एवढा आत्मविश्वास कुठून आला हिला? वहीचंही काही करून ठेवलंय की काय? बाईंनी त्याच दुपारी लेखी तक्रार दिली. संध्याकाळपर्यंत धाकटीला कोर्टाच्या कामावरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलं, आणि जाता-येता लोक तिच्याकडे बघायला लागले.

वही रेकॉर्ड रूममधून यायला गुरुवार उजाडला. अधीक्षकांसमोर बाईंनी आधी सील तपासलं, मग दोरीची गाठ, मग पानं मोजली. एकही फाटलेलं नव्हतं, कुठे खाडाखोड नव्हती. मग त्यांनी एकोणतिसावा प्रश्न काढला. "चावी तुम्ही त्या सकाळी पहारेकऱ्याकडून परत घेतली होती का?" आणि त्यापुढे बाईंची स्वतःची खूण, एक गळासारखा आकडा आणि त्याला छोटं शेपूट. मला आठवत नाही. अक्षर त्यांचं, पेन्सिल त्यांची, दाब त्यांचा. धाकटीने काडीचाही फरक केला नव्हता.

"जुळतंय?" अधीक्षकांनी विचारलं. त्यांना त्या वेड्यावाकड्या रेघांमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"जुळतंय," बाई म्हणाल्या.

अधीक्षकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी स्वतः उठून पंखा वाढवला. वही आणि टायपिंग जुळतं म्हटल्यावर अर्ज उडाल्यात जमा होता. धाकटीविरुद्धचा कागद मागे घ्या, तिला दोन गोड शब्द बोला, चार महिने राहिलेत, आनंदाने काढा, असं ते बोलत राहिले. बाई मान हलवत होत्या, पण डोळे वहीवर होते. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

मग त्यांनी पानं मागे उलटली आणि कळलं.

या धंद्याचा पहिला नियम असा की प्रश्न लिहून झाला की पेन्सिल उचलायची. उत्तर येईपर्यंत ती वरच राहिली पाहिजे, मग खालच्या ओळीवर टेकवायची. धाकटीला शिकवताना बाईंनी याच एका गोष्टीसाठी तिला रडवलं होतं. वहीत पहिल्या एकवीस प्रश्नांची उत्तरं तशीच होती, खालच्या ओळीवर, सुटी. मुकादमाने एकवीसच्या एकवीस वेळा एकच पाठ म्हटला होता, आठवत नाही. बाविसाव्यापासून तो आकडा प्रश्नाच्या शेपटालाच जोडलेला होता. सलग, पेन्सिल न उचलता. हात कंटाळला होता, दाढ ठणकत होती, आणि उत्तर काय येणार हे हाताने आधीच ठरवून टाकलं होतं. तेविसावं तसंच. अठ्ठाविसावं तसंच. एकोणतिसावंही तसंच. आणि त्याच्याखाली, तिसावा प्रश्न त्यांच्याच अक्षरात, "किती वाजता?"

ज्याला आठवतच नाही त्याला किती वाजता म्हणून कोण विचारतं? कोवळा वकील यादी वाचून प्रश्न विचारतो आहे, असं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं असावं. बाईंनी डोळे मिटून मुकादमाचा आवाज आठवून पाहिला. काहीच आलं नाही. खरं म्हणजे कुठल्याच साक्षीदाराचा आवाज त्यांना आठवत नसे. कानातून आलेलं हातातून निघून जायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि याचाच त्यांना आजवर अभिमान होता.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने आधी विचारलं, तुला कुणी धमकावलंय का? मग म्हणाला, वही जुळते, टायपिंग जुळतं, ती जोडलेली शेपटं तुझ्याशिवाय जगात कुणाला दिसणार आहेत? आयुष्यभर नाकासमोर चाललीस, आता जाता जाता स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेणार का? त्याचं बोलणं बाईंना पटत होतं, हेच वाईट होतं.

"अहो, तपासणीत काटा खोटा निघाला की तुम्ही काय करत होतात?"

"जप्त," तो सवयीने म्हणाला.

वरच्या कोर्टात पुढच्या गुरुवारी सुनावणी झाली. धाकटीविरुद्धचा कागद बाईंनी मागे घेतला होता आणि वहीबद्दल मला साक्ष द्यायची आहे, असं कोर्टाला लिहून दिलं होतं. माफी मागायला टपालाच्या टेबलापर्यंत गेल्या तेव्हा ती "ठीक आहे, बाई" म्हणाली आणि पाकिटांवर शिक्के मारत राहिली. आता बाई पिंजऱ्यात उभ्या होत्या. त्यांचं बोलणं उतरवून घ्यायला कुणीतरी हवं होतं आणि बाईंची लघुलिपी कळणारं माणूस हवं होतं, म्हणून चार पावलांवर धाकटीलाच बसवलं होतं.

बाईंनी वही दाखवली, खुणा समजावल्या. मुकादम काय म्हणाला ते मला माहीत नाही, मी लिहिलं ते त्याने तोंड उघडण्याआधी लिहिलंय, एवढंच मी शपथेवर सांगू शकते, असं त्या म्हणाल्या. कोर्टात चुळबुळ झाली. सरकारी वकील उठला तो हसतच उठला. मंगळवारी तुम्ही सहकाऱ्यावर आरोप करता, आठवड्याभरात तो स्वतःवर घेता, मधल्या दिवसांत तुम्हाला कोण कोण भेटलं? आरोपीच्या बहिणीला किती दिवसांपासून ओळखता? हे बोलायला कुणी सांगितलं? बाई प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत होत्या आणि प्रत्येक खरं उत्तर त्यांना स्वतःलाच खोटं ऐकू येत होतं. तोंड कोरडं पडलं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला आणि सरकारी वकिलाने न्यायाधीशांकडे सूचक पाहिलं. बाईंनाही धाकटीच्या जागी बसून साक्षीदाराविषयी तेच वाटलं असतं.

शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"बाई, ही एक वही तुम्ही काढलीत म्हणून कळलं. सव्वीस वर्षांतल्या बाकीच्या वह्यांचं काय?"

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. तिची पेन्सिल वर होती. बाई काय म्हणतील याची ती वाट पाहत होती आणि बाईंना बोलायला फार वेळ लागला तरी ती पेन्सिल खाली आली नाही.

"सांगता येत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "माझ्या सगळ्या वह्या तपासाव्यात."

मुकादमाला पुन्हा साक्षीला बोलवायचा हुकूम निघाला आणि तोवर पहारेकऱ्याला जामीन मिळाला. बाहेर व्हरांड्यात बहीण वकिलाबरोबर उभी होती. ठेंगणी, चाळिशीची, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. बाईंना बघून ती पुढे आली. आभार मानेल, असं बाईंना क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"तुम्ही माझ्यापेक्षा जवळ बसला होतात," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मला एवढ्या लांबून ऐकू आलं. तुम्ही ऐकत नव्हतात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी लिहीत होते."