कच्च्या बियांचं तेल

धाकटीने एकदा मनावर घेतलं की संपलं, ब्रह्मदेव आडवा आला तरी ती ऐकायची नाही. यावेळी तिने आईच्या हातांसाठी कंबर कसली होती.

अप्पा गेल्यापासून आईने स्वतःकडे बघणंच सोडलं होतं. हात कोरडे पडून भेगाळले, बोटांतून रक्त यायला लागलं, पण मलम पुढे केलं की ती हात मागे घ्यायची. "आता कुणासाठी नटायचंय गं मला?" म्हणायची, की पुढे बोलायची सोय नाही.

आणि धाकटीचं तर पार्लर! दिवसभर जगाचे चेहरे उजळायचे नि घरी आईचे हात असे बघायचे, म्हणजे दिव्याखाली अंधारच की. तिला ते फार लागायचं. एक दिवस पार्लरचं सामान आणून देणारा म्हणाला, "ताई, कॉफीच्या बियांचं तेल वापरून बघा. कोरड्या कातडीत छान मुरतं, चिकटही राहत नाही." पुढचं धाकटीने ऐकलंच नाही. तिच्या कानात एवढंच शिरलं : कॉफी.

अहो, अप्पा म्हणजे कॉफीच! चौकात त्यांचं कॉफी भाजून, दळून द्यायचं दुकान होतं. यंत्राच्या ढोलात बिया तडतडायला लागल्या की अप्पा गिऱ्हाइकालासुद्धा "श्श!" करून गप्प बसवायचे आणि बिया कितपत भाजल्या ते कान लावून ऐकायचे. धाकटी शाळेतून थेट दुकानात जायची. अप्पा तेलकट हातांनी तिचे गाल धरायचे, तो खरपूस वास तिच्या उशीपर्यंत यायचा. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. तरी समोरून जाताना धाकटी खोल श्वास घेते, वेडी कुठली.

'त्या तेलाचं घरीच क्रीम केलं नि त्याला अप्पांचा वास आला, तर आई कशी नाही म्हणेल?' असा तिचा हिशोब. तेल आणलं, पण वास उडून जाईल म्हणून तिने बाटलीचं सीलही काढलं नव्हतं. सुट्टीच्या दुपारी स्वयंपाकघरात तिने वाटीत मेण वितळवलं, गॅस बंद केला, देवाचं नाव घेऊन बाटली उघडली आणि नाक लावलं.

कॉफीचा पत्ताच नाही! ओलं गवत, मटारच्या शेंगा, असला काहीतरी हिरवा वास.

तिने तिथल्या तिथे सामानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, कातडीला कच्च्या बियांचंच तेल लावतात. तो खरपूस वास भाजल्यावर येतो." तेल अस्सल होतं, चूक हिचीच. तिने रागारागात ते मेणात ओतलं, ढवळलं, आणि मग ओट्याला टेकून लहान पोरीसारखी रडली. तिला अप्पा हवे होते, आईपेक्षाही तिलाच हवे होते.

"काय सांडलंस आता?" म्हणत आई आत आली आणि दारातच थांबली. मग पुढे होऊन तिने वाटी नाकाशी नेली.

"हा वास कुठून आणलास?"

"चुकलं गं आई. मला अप्पांचा वास हवा होता."

"मग हा कुणाचा आहे?" आई खुर्चीवर बसली. "तुझा जन्मही नव्हता तेव्हा. गोदामात कच्च्या बियांची पोती उचलायचे ते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा सदऱ्याला हाच वास. मग आम्ही दोघं नदीपर्यंत फिरायला जायचो. फार हसवायचे गं."

"अप्पा? हसवायचे?" धाकटीने डोळे पुसले. तिला आठवत होते ते कान लावून गप्प उभे असलेले अप्पा.

"ते यंत्र आलं नि माणूस दुकानाचा झाला. तुला तो जळका वास आवडायचा. मला नाही कधी आवडला." आईने हे अगदी सहज सांगितलं.

मग आईने आपणहून दोन्ही हात पुढे केले.

धाकटी कोमट क्रीम लावत राहिली, एकेका बोटाला, एकेका भेगेला. आई नदीवरच्या गोष्टी सांगत होती आणि मधेच एकटीच हसत होती. हा तरुण, हसरा मुलगा धाकटीला आज पहिल्यांदाच भेटत होता, आणि तो आता नव्हता. तिला पुन्हा रडू फुटलं. डोळ्यांपुढे काही दिसेना, आणि तिने न बघताच वाटीतून बोटं भरभरून आणखी क्रीम काढलं.

आईने पटकन तिचं मनगट धरलं.

"अगं, सगळं आजच संपवतेस का? उद्या काय लावू मी?"