'धर्मपत्नी' खोडा

पडदा ओढायच्या आधीच गौराबाईंनी तो बाजूला सारून पाटी वाचली. चामराजपुरमच्या समाजमंदिरात त्यांच्या हस्ते तिचं अनावरण होतं. काळ्या दगडावर कन्नडमध्ये कोरलं होतं: १९५८ साली कै. पांडुरंगराव यांनी धर्मपत्नीसह छोट्या विमानातून नैरोबी गाठली.

"बेडा, नको," नव्वदी ओलांडलेल्या गौराबाई म्हणाल्या. "मी पडदा ओढणार नाही."

सेक्रेटरी श्रीवत्स गडबडले. "अम्मा, काय चुकलं? पाहुणे येऊन बसलेत."

"मी काय सहलीला गेले होते? विमान हे चालवत होते, वाट मी काढत होते. नॅव्हिगेटर होते मी."

"पण आता दगडावर जागा कुठाय?"

"'धर्मपत्नी' खोडा. होते जागा."

मुलगा गुरुराव पुढच्या रांगेतून तरातरा आला. "साकु, आई, पुरे झालं. चार लोकांत अप्पांचा अपमान कशाला?"

"अपमान? अरे, मी गप्प बसले असते तर तुझे अप्पा नैरोबी सोड, वाटेतल्या एडनलाही पोचले नसते." मग त्या सभागृहाकडे वळल्या. माइक नव्हता, तरी आवाज मागपर्यंत गेला.

अरबस्तानच्या किनाऱ्याने जाताना धुळीनं सगळं झाकून टाकलं होतं. पांडुरंगरावांना वाटलं, आपण आत समुद्रावर भरकटलो. जमीन गाठायला ते उजवीकडे वळू लागले. पण धुळीत शिरण्याआधी गौराबाईंनी लाटांवरचा फेस पाहून ठेवला होता. वारा समुद्राकडून होता, विमान जमिनीकडे ढकललं जात होतं. "डावीकडे घ्या," त्या ओरडल्या. ते ऐकेनात, तेव्हा त्यांचा दंड धरून ओरडल्या. पांडुरंगरावांनी विमान डावीकडे घेतलं. थोड्या वेळानं धूळ विरळ झाली, आणि उजव्या अंगाला डोंगराचा काळा कडा दिसला, विमानापेक्षा उंच.

"नैरोबीला पेपरवाल्यांनी मला काय विचारलं, ठाऊक आहे? वाटेत नवऱ्याला काय खाऊ घातलंत! हे पण हसले. घरी आल्यावर मी बोलले, तर म्हणाले, 'तुला मला माहीत आहे ना, लोकांना कशाला?' मी ऐकलं. पेपर रद्दीत जातात रे. दगड राहतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुणे कुजबुजत जेवायला उठले. पडदा तसाच राहिला. गुरुराव पुढे कित्येक दिवस आईशी कामापुरतंच बोलले. समाजातल्या दोघातिघांनी निरोप धाडले, म्हातारपणी हा हट्ट शोभत नाही म्हणून. "नाही शोभला तर नाही शोभू दे," त्यांनी उलट निरोप दिला.

शेवटी श्रीवत्सच घरी आले. दुसरा दगड कोरून घेतला होता: वैमानिक पांडुरंगराव, नॅव्हिगेटर गौराबाई.

या खेपेस माणसं थोडी होती. पडदा ओढून झाल्यावर श्रीवत्स म्हणाले, "अम्मा, दोन शब्द बोला." गौराबाई वारा, नकाशे, होकायंत्र यांवर बोलत सुटल्या. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली, वाढपी दारात येऊन उभे राहिले.

गुरुराव अगदी मागे, भिंतीला टेकून उभे होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"आई, नुसत्या फेसावरून वाऱ्याची दिशा कशी कळते?"

गौराबाईंनी मान उंचावून मागे पाहिलं. आजवर त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"पुढं ये," त्या म्हणाल्या. "तिथून ऐकू जायचं नाही तुला."