सहावी कळ

“बाई, लिहून घ्या!” येरझारा घालत संपादक म्हणाले. “आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीत सुवर्णपदक पटकावणाऱ्या…”

बाईंची बोटं सुटली. खेळांच्या या साप्ताहिकात त्या बावीस वर्षं टाइप करत होत्या. ऑफिसात सगळे त्यांना ‘मशीनबाई’ म्हणत आणि बाईंना त्याचा कोण अभिमान! संपादकांचं वाक्य संपायच्या आत पडद्यावर उमटलेलं असायचं. त्यात एक युक्तीही होती. तीच ती वाक्यं दर आठवड्याला कोण बडवत बसणार? म्हणून बाईंनी ती कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या कळांवर बसवून टाकली होती. सातवी दाबली की ‘थंड डोकं, अभ्यासू खेळ’. सहावी दाबली की ‘उपजत ताकद, रक्तातच वेग’. सातवी गोऱ्या खेळाडूंना लागायची, सहावी काळ्यांना. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कधी चुकलंही नव्हतं. बाई स्वतः काळ्या होत्या, मात्र कामाच्या घाईत तेवढा विचार करायला सवड कुणाला होती?

आजची गोष्ट वेगळी होती. सुवर्णपदक बाईंच्या लेकीला मिळालं होतं. काल मैदानात ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. संपादकांनी सकाळीच मिठाई वाटली होती आणि पहिलं पान लेकीसाठी राखून ठेवलं होतं.

“…या मुलीकडे,” संपादक म्हणाले आणि बाईंनी सवयीने सहावी कळ दाबली.

‘उपजत ताकद, रक्तातच वेग.’

बाईंचे हात थांबले.

“काय हो, मशीन बंद पडलं?”

“सर, हे काढायचं.”

“का? कौतुकच आहे की ते!”

“रक्तात कुठला वेग, सर? तिचा बाप समोरून बस सुटली तरी कधी पळाला नाही. मला तर जिना चढला की धाप लागते.”

संपादक खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

“बारा वर्षं पहाटे पाचला उठतीये पोरगी. बरोबर धावणाऱ्या प्रत्येकीची वही ठेवलीये तिनं. कोण कुठं दमते, कोण कधी मागं वळून बघते. काल मुद्दाम तिसरी राहिली. पुढचीचे खांदे दमून वर यायला लागले, तेव्हाच सुटली. हे डोकं नाही तर काय आहे?”

संपादकांनी चष्मा काढून पुसला. माणूस मनाचा चांगला होता. लेकीच्या प्रत्येक शर्यतीला बाईंना त्यांनी न कुरकुरता सुट्टी दिली होती.

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“मला तरी कुठं दिसलं? कळ मीच बसवली ना.”

संपादकांनी खुर्ची ओढली, कीबोर्ड स्वतःपुढे घेतला. “आता तुम्ही सांगा, मी टाइप करतो.”

दोन बोटांनी त्यांनी दहा ओळींना पाऊण तास लावला. “‘ह’ कुठं दडलाय हो?” असं सारखं विचारत होते आणि बाई बोट दाखवत होत्या. वही, पहाट, खांदे, सगळं आलं. शेवटची ओळ बाईंनी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली.

संपादक गेल्यावर बाईंनी कळांची यादी उघडून सहावी कळ रिकामी केली. खात्रीसाठी एकदा दाबून पाहिली. काही उमटलं नाही.

मग त्यांना ती लांब उडीवाली आठवली. पाच-सहा वर्षांपूर्वी स्वतः ऑफिसात आली होती. तिच्यावरचा अंक हवा होता, दोन प्रती. “एक आईसाठी,” म्हणाली होती. बाईंनीच तिला कोऱ्या, सुरकुती न पडलेल्या प्रती शोधून दिल्या होत्या. पोरीने त्या छातीशी धरून नेल्या.

त्या आईनेही ते पान जपून ठेवलं असेल. त्यावर काय छापलं होतं, ते बाईंना आठवावं लागलं नाही. त्यांचं बोट अजून सहाव्या कळेवरच होतं.