बिरोबाच्या माळावरचं एकुलतं एक जाकीट

मित्रांनो, मी एक जुनं पिवळं जाकीट आहे. थंडीत घालायचं नव्हे, पाण्यात पडलेल्या माणसाला तरंगत ठेवायचं. विमानात बसल्यावर तुमच्या सीटखाली हात घातलात, तर एक घट्ट गुंडाळी हाताला लागते. ती गुंडाळी म्हणजे मी. आज मात्र मी विमानात नाही. बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरांत, बिरोबाच्या माळावर भामाबाईंच्या घरातल्या खुंटीला मी लटकतो आहे. आणि खरं सांगतो, मला भयंकर राग आलेला आहे. तो का आला, हे कळायला जन्मापासूनच ऐकावं लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईंनी माझे दोन पदर तापलेल्या पट्ट्यांमध्ये दाबून चिकटवले. मग माझ्यात हवा भरून मला एक दिवस तसंच ठेवलं. माझ्याबरोबरची चार जाकिटं त्या परीक्षेत नापास झाली. मी पास झालो. माझ्या पोटाशी गॅसची एक छोटी नळकांडी बसवली आणि तिला दोन लाल टोकं बांधली. ती ओढली की डोळ्याची पापणी लवायच्या आत मी फुगणार आणि माणूस वाचणार, असं सगळे म्हणत होते. मला केवढा अभिमान वाटला होता!

पण पुढची नऊ वर्षं मी काय केलं? बाविसाव्या ओळीत खिडकीकडच्या सीटखाली पडून राहिलो. माझ्यासारखी एकशे ऐंशी जाकिटं त्या विमानात होती, आणि विमान उडायचं कोरड्या जमिनीवरून. खाली शेतं, डोंगर, गावं. समुद्र मी एकदाही पाहिला नाही. वर्षातून एकदा एक माणूस बॅटरी घेऊन यायचा, माझ्यावरची तारीख वाचायचा आणि निघून जायचा. हवाईसुंदरी रोज माझ्यासारखंच एक जाकीट गळ्यात घालून दाखवायची, पण तेव्हा लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेले असायचे. एका गृहस्थांनी तर माझ्या पिशवीला चघळलेलं च्युइंगम चिकटवलं. मी तेही सहन केलं.

मग एके दिवशी बंगळूरहून संभाजीनगरला येताना माझ्या सीटवर भामाबाई येऊन बसल्या. अंगावर नऊवारी लुगडं, खांद्यावर घोंगडी आणि मांडीवर पिशवी. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. शेजारी सहावीतली त्यांची नात रोहिणी होती. भामाबाईंचा मुलगा सोमेश्वर बंगळूरला इमारतींच्या लिफ्ट बसवतो. आईनं जन्मात एकदा तरी विमानात बसावं, असा त्यानं हट्टच धरला होता.

हवाईसुंदरीनं जाकीट दाखवायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते लक्ष देऊन पाहिलं. कीर्तनाला बसावं तशा भामाबाई हात जोडून बघत होत्या.

"काय म्हणती गं ती पोरगी?" त्यांनी विचारलं.

"पाण्यावर उतरायची वेळ आली तर हे घालायचं म्हणती. सीटखाली हाय म्हणं."

"आगं बया! आपल्याला पाण्यावर उतरायचंय, हे हिला कुणी सांगितलं?"

रोहिणी तोंडावर हात ठेवून हसली. "ती विमानाचं बोलती, आज्जे."

"विमानाचं बोलू दे न्हाईतर कशाचं. ह्या येवढ्या माणसांत पाण्यावर उतरणारे आपणच दोघी हाओत. बाकीचे समदे मोटारीनं घरी जात्याल."

विमान खाली उतरलं आणि लोक बॅगा काढायला धडपडू लागले, तेव्हा भामाबाईंनी खाली वाकून मला पिशवीतून बाहेर ओढलं. रोहिणी घाबरली. "आज्जे, ते घरी न्यायचं नसतं!"

"कावून? माझ्या सीटखाली ठिवलंय म्हंजे माझ्यासाठीच ठिवलंय की."

धनगराच्या घरची एक रीत आहे. कुणाकडून काही आणलं, तर त्याचं भांडं रिकामं ठेवायचं नाही. भामाबाईंनी स्वतःच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि माझ्या रिकाम्या पिशवीत नीट खोचून ठेवली. याला चोरी म्हणायचं की नाही, ते तुम्ही माझं सगळं ऐकून मग ठरवा.

विमानानं आम्हाला दीड तासात आणलं होतं. पुढच्या वाटेला मात्र दिवस गेला. विमानतळावरून रिक्षा, मग बीडची एसटी, मग धारूरकडची दुसरी एसटी, मग माणसांनी ठेचून भरलेली जीप. जीप डोंगर उतरून एका तलावाच्या काठाशी आली आणि रस्ता सरळ पाण्यात शिरला. पलीकडे, दोन-अडीच हाका अंतरावर, एक उंच माळ दिसत होता. चौदा घरं, बिरोबाचं देऊळ आणि मेंढरांचे वाडे.

हा तलाव बांधला तेव्हा खालच्या वस्त्या उठवून दुसरीकडे वसवल्या. बिरोबाचा माळ उंचावर, म्हणून तो बुडीत क्षेत्राच्या यादीत आलाच नाही. माळ बुडाला नाही, हे अगदी खरं. माळाकडे जाणारा रस्ता तेवढा बुडाला! कागदावर त्या चौदा घरांचं काहीही नुकसान झालेलं नाही.

मी नावेची वाट पाहत होतो. पण पाण्यावरून आली ती एक काहील. गूळ शिजवायची ती भली मोठी लोखंडी कढई तुम्ही कधीतरी पाहिली असेल. तीच. दोन्ही काठांना बांधलेला दोर हातांनी ओढत ओढत सटवा, म्हणजे भामाबाईंचे दीर, तिला पाण्यावरून आणत होते. काहिलीत बसायचे नियम कडक. सगळ्यांनी उकिडवं, तोंडं आत करून बसायचं. उठायचं नाही, मागं टेकायचं नाही. शिंकसुद्धा आधी सांगून द्यायची.

भामाबाईंनी काठावरच मला रोहिणीच्या गळ्यात अडकवलं आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग तिसऱ्यांदाही ओढला. विमानात एवढ्या उंचावर निवांत बसलेली बाई गुडघाभर पाण्याशी एवढी का धास्तावते, हे मला सटवांच्या बोलण्यातून कळलं.

"सोमाला हे विमानाचं दोन सालं आधी सुचलं असतं तर," ते दोर ओढताना म्हणाले, "आपली संगीता राहिली असती, वैनी."

संगीता म्हणजे भामाबाईंची सून, रोहिणीची आई. दोन वर्षांपूर्वी श्रावणात ती चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. वाऱ्यानं काहील कलली. सटवांनी तिघांना ओढून काढलं. संगीता सापडली नाही. तालुक्याहून शोध घ्यायला मोटारबोट आली, ती तिसऱ्या दिवशी. वरातीमागून घोडं म्हणतात ते याला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगाची आग झाली. जिथं पाणी नाही तिथं आम्ही एकशे ऐंशी जण नऊ वर्षं गुंडाळून पडलो होतो. दरवर्षी आमची तपासणी होत होती. आणि जिथं लेकरं रोज सकाळ-संध्याकाळ कढईत बसून शाळेत जातात, तिथं एकसुद्धा जाकीट नाही! विमानात बसणाऱ्याचा जीव तेवढा जीव आणि काहिलीत बसणाऱ्याचा काय पालापाचोळा आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रोहिणीच्या अंगावर होतो. माळावरची सहा मुलं शाळेला निघाली होती. काहील मधोमध आली आणि रोहिणीनं मला काढून शेजारच्या बबिताच्या गळ्यात घातलं. बबिता पहिलीत, मुठीएवढी. संध्याकाळी भामाबाई नातीवर खूप ओरडल्या.

"तुझ्यासाठी आणलंय मी ते, दुसऱ्यासाठी न्हाई!"

"मला पव्हता येतंय. बबिताला न्हाई येत."

"तुझ्या आईलाबी येत होतं!" भामाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून चुलीपुढं बसल्या.

त्या रात्री जेवल्या नाहीत. पण सकाळी त्यांनीच सहाही मुलांना अंगणात बोलावलं आणि पाळी लावून दिली, शेताला पाण्याची लावतात तशी. शाळेचे वार सहा आणि मुलंही सहा. रोहिणीचा सोमवार, बबिताचा गुरुवार. तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस भामाबाई दुसऱ्याच्या लेकराला मला घट्ट बांधतात आणि स्वतःच्या नातीला तशीच काहिलीत बसवतात. नऊ वर्षांत मिळाला नाही तेवढा मान मला इथं मिळाला. पण सांगू का, तो मान मला टोचतो.

आता गेल्या गुरुवारचं ऐका. संध्याकाळी मुलं शाळेतून काठावर आली, तर तिथं चार मोटारी आणि ढोलताशा. सुंदरराव आले होते. सुंदरराव म्हणजे इथले मोठे पुढारी. माळाकडच्या पुलाचं भूमिपूजन त्यांनी आजवर दोनदा केलेलं आहे. निवडणूक जवळ आल्यामुळे ते तिसऱ्यांदा करायचं ठरलं होतं. या वेळी माळावर जाऊन, जनतेबरोबर काहिलीत बसून. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

पण काहील जवळून पाहताच साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना बबिताच्या अंगावर मी दिसलो.

"ए पोरी, ते दे बरं इकडं."

बबिता मागं सरकली. रोहिणी पुढं झाली. "साहेब, आज तिची पाळी हाय."

"आगं, फोटोपुरतं. पाच मिन्टांचं काम हाय." आणि त्यांनी त्या सहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून मला काढून घेतलं. एकाही कार्यकर्त्याला लाज वाटली नाही.

साहेब मुलांबरोबर काहिलीत बसले आणि सटवांनी दोर ओढला. काठावरून फोटो निघाले. काहील मधोमध पोचली आणि वाऱ्याची एक झुळूक आली. नुसती झुळूक! सुंदररावांनी "आई गं!" म्हणून माझी दोन्ही लाल टोकं ओढली. मी फाडकन फुगलो. त्या दणक्यानं ते स्वतःच दचकले आणि उठून उभे राहिले. काहील कलली, पाणी आत आलं, बबिता काहिलीच्या काठावरून बाहेर झुकली. रोहिणीनं तिच्या दप्तराचा पट्टा पकडून तिला आत ओढलं.

"बस खाली, बे!" सटवा ओरडले. साहेबांना कुणी असं बोललं नसेल. पण ते बसले.

नऊ वर्षं मी ज्या एका क्षणाची वाट पाहत होतो, तो असा वाया गेला. माझ्यातला गॅस एकदाच वापरता येतो. तो मी एका घाबरलेल्या पुढाऱ्याच्या गळ्यात संपवला, आणि समोर ज्या मुलीला माझी गरज होती, ती जाकिटाशिवाय बसली होती.

माळावर पोचल्यावर सुंदररावांनी नारळ कसाबसा फोडला. परत काहिलीत बसायला मात्र ते तयार होईनात. फोन लावत राहिले. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्यावरच्या छापील अक्षरांकडे गेलं. घाबरलेल्या माणसाला चिडायला काही तरी लागतंच.

"हे विमानातलं हाय! चोरून आणलंय तुमी. गुन्हा हाय हा, म्हातारे. पोलिसात देईन."

भामाबाईंनी त्यांच्या गळ्यातून मला शांतपणे सोडवून घेतलं. "द्या की. पोलिसांना म्हणावं, लवकर या. काहिलीतनंच यावं लागंल."

तास-सव्वा तासात पाण्यावर आवाज आला. मोटारबोट! दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी आलेली तीच बोट. सटवांनी तिच्यावरचा नंबर ओळखला. बोटीत चालवणारा एक माणूस आणि केशरी रंगाची बारा कोरी करकरीत जाकिटं. माझेच भाऊबंद. बोट होती, जाकिटं होती, इंधन होतं. बोलावणारा तेवढा पाहिजे होता.

सुंदरराव लगबगीनं चढले आणि एक जाकीट अंगात घातलं. तेव्हा रोहिणी पाण्यात उतरली आणि तिनं बोटीची कड धरली.

"काका, उद्या सकाळी याल का? साडेनऊला शाळा भरती. आमी सहाच जण हाओत."

बोटवाल्यानं सुंदररावांकडे पाहिलं. भामाबाई मागून म्हणाल्या, "साहेब, आमचा पूल राहू द्या. ती बोटबी न्या. पण तेवढी अकरा जाकिटं उतरवा. तुमच्याकडं एकच तर अंग हाय."

"सरकारी सामान असं देता येत न्हाई, आजी. अर्ज करा." सुंदररावांनी बोटवाल्याला खूण केली. "चल रे, अंधार होतोय."

रोहिणीच्या हातातून कड सुटली. बोटीत दोन माणसं गेली आणि अकरा रिकामी जाकिटं गेली.

शुक्रवारी सकाळपर्यंत माझ्यातली हवा उतरली होती. भामाबाईंनी मला मांडीवर घेतलं. माझ्या खांद्याशी एक छोटी रबरी नळी आहे. गॅस संपला तर तोंडानं हवा भरायची. ती त्यांनी शोधून काढली आणि फुंकू लागल्या. म्हाताऱ्या छातीचा श्वास, मधे मधे खोकला, डोळ्यांत पाणी. मी फुगेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग त्यांनी मला शेजारच्या मुलाला बांधलं, कारण शुक्रवार त्याचा होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपलं आयुष्य सांगून झालं की 'मला जपा' म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मी प्लास्टिक आहे, फाटलो तर फाटलो. भामाबाईंना चोर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, माझ्या कंपनीलाही कळवा. पण मला न्यायला याल तेव्हा काहिलीत बसून या आणि बसल्यावर आजूबाजूला बघा. एका मुलाच्या अंगावर मी असेन. उरलेली पाच मुलं तुमच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असतील. त्या सहांतल्या कुणाचं जाकीट तुम्ही परत घेऊन चालला आहात, ते त्यांच्याकडे बघून सांगा.