हात मागे

पहिल्या दिवशी नर्सिंग शिकायला आलेल्या नव्या मुलींना नियम एकच: हात पाठीमागे, तोंड बंद, डोळे उघडे. अपघात विभागाच्या थोरल्या सिस्टरने तो दोनदा बजावला. वर्गात जिला सगळ्या 'ससा' म्हणत, तिला तो शिकवायची गरजच नव्हती. बाप आईला बडवायचा तेव्हा ती अशीच भिंतीला चिकटून बघत राहायची.

सकाळीच एका बाईला नवऱ्याने आणलं. ओठ फाटलेला, दोन दात गेलेले, मनगट मोडून लोंबत होतं. "जिन्यावरून पडली," नवरा म्हणाला. "हो, पडले," बाईने री ओढली. गळ्यावर बोटांचे वळ होते. आता जिन्याला बोटं कधी फुटली ते देव जाणे. सिस्टरने नवऱ्याला बाहेर बसवलं, सशाला खाटेपाशी उभं केलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

तेवढ्यात नवरा पडदा सारून आत आला. "काय सांगितलंस तिला?"

"काही नाही."

त्याने मोडलेलं मनगटच धरून पिळलं. ती किंचाळणार तोच त्याचा दुसरा हात तिच्या गळ्यावर बसला. बाईच्या टाचा खाटेवर ताडताड आपटू लागल्या, चेहरा काळानिळा पडला. सशाचे डोळे उघडे, तोंड बंद. हातही मागेच. मेलीची जन्माची सवय!

मग टाचा आपटायच्या थांबल्या. त्या शांततेने सशाचं डोकं फिरलं. तिने सलाइनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या टाळक्यात घातला. तो कोसळला. एक घाव पुरे होता, पण दुसरा बापाच्या नावाचा होता. तिसऱ्याला परत आलेल्या सिस्टरने मागून स्टँड धरला.

बाई घरघरत श्वास घेऊ लागली. नवरा फरशीवर कण्हत होता, रक्त खाटेखाली पसरत होतं.

"तुझं शिक्षण आजच संपलं बहुतेक," सिस्टर म्हणाली आणि तिने बँडेजच्या कापडाची घडी सशाच्या हातात कोंबली. "फोडलंस ना? आता दाबून धर."

ससा त्याच्या डोक्यापाशी गुडघे टेकून बसली. बोटांमधून गरम रक्त येत होतं आणि तिला रडू आवरत नव्हतं. डॉक्टर धावत आले. "काय झालं इथे?"

बाईने खाली जखमेवर दाबलेल्या त्या दोन हातांकडे पाहिलं.

"मला यानं मारलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि हा जिन्यावरून पडला."