पत्रात सॉरी नको

बावीस वर्षं मी नगरपालिकेच्या नोकरीत लोकांच्या गाड्यांच्या काचेवर दंडाची पाकिटं चिकटवली आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता निवृत्त झाल्यावर दर मंगळवारी चॅपलच्या हॉलमध्ये घडीचं टेबल मांडून बसतो आणि खाजगी पार्किंग कंपन्यांची पत्रं आलेल्यांना उत्तरं लिहून देतो. गावातले लोक जाता-येता विचारतात, "पापं फेडतोयस का रे, नेव्हिल?" फेडतोय म्हणतो. गुडघे गेलेत, बायको गेली, मंगळवार कुठेतरी घालवायचाच असतो.

खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. पत्रं सगळी एकाच छापाची. मथळा असा की भल्याभल्यांना सरकारी दंड वाटावा. तो दंड नसतो, एका कंपनीने पाठवलेलं बिल असतं, हे मी आठवड्यातून दहा वेळा सांगतो आणि समोरचा दहाही वेळा घाबरलेलाच राहतो. खाली नंबरप्लेटचे दोन फोटो. गाडी आत आली, गाडी बाहेर पडली. मधे माणसाचं काय झालं, त्याचा फोटो नसतो.

एव्हरिल एन्टविसल फेब्रुवारीत आली. तिचा नवरा रोलंड आमच्या गावचा पोस्टमन होता, चाळीस वर्षं. आमच्या चढाच्या गल्ल्यांतून सायकल ढकलत जायचा आणि कुत्र्यांनासुद्धा नावाने हाक मारायचा. एव्हरिलने कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसकण मारली आणि दोन कागद टेबलावर ठेवले. एक तिने कंपनीला लिहिलेल्या पत्राची नक्कल, दुसरा कंपनीचा नकार.

बायपासजवळच्या दुकानांच्या आवारात दोन तास गाडी फुकट ठेवता येते. तिची सव्वातीन तास होती. शंभर पौंड मागितले होते.

"हे तू लिहिलंस?" मी विचारलं.

"मग कोण लिहिणार?"

"यात तीन वेळा सॉरी आहे."

"चार. पाकिटावरही लिहिलं होतं, तिकीट तिरकं लागलं म्हणून."

मी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं बाई, सॉरी म्हणजे कबुली. हे बघ त्यांनी काय लिहिलंय. 'आपण आपल्या पत्रात चूक मान्य केली आहे.'"

"चूक कुठे मान्य केलीय? ती आपली रीत झाली. माणसाने सुरुवात कशी करायची मग? 'काय रे चोरांनो' म्हणून?"

"तसं केलं असतंस तर निदान हरली नसतीस."

ती हसली नाही. आमच्या लोकांचं हे असंच आहे. दुसऱ्याने पायावर पाय दिला तरी सॉरी आपण म्हणायचं. मी दंड चिकटवत असताना लोक आधी मलाच सॉरी म्हणायचे आणि शिव्या नंतर द्यायचे. त्या एका शब्दावर या कंपन्या किती कमावत असतील, देव जाणे.

म्हटलं, अजून एक पायरी आहे, त्रयस्थ पंचाकडे अपील. पण कारण हवं. एवढा उशीर का झाला?

"रांग होती."

"सव्वा तास?"

"लांब रांग होती."

"एव्हरिल, मी बावीस वर्षं थापा ऐकल्यात. ही तर फारच लंगडी आहे."

ती कोटाचं बटण फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "रोलंड हरवला होता."

तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. ती पैसे द्यायला वळली आणि रोलंड दुकानातून चालू पडला. तिने सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी अर्ध्या मैलावर, गिरणीच्या गल्लीत, लाल टपालपेटीशेजारी तो उभा दिसला. पेटी उघडायला गाडी येईल म्हणून वाट बघत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ सांगत होता, आणि वेळ बरोबर सांगत होता.

"डॉक्टरांचं काय म्हणणं?"

"दीड वर्ष झालं. कुणाला सांगितलेलं नाही. तूही बोलायचं नाहीस."

"पण तू गाडी का नाही बाहेर काढलीस? गाडीतूनच शोधता आलं असतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला लाज वाटली. "आणि तो परत आला असता तर? त्या आवारात त्याला ओळखीचं काय होतं, आमची हिरवी गाडी सोडून?"

मी पेन उचललं. म्हटलं, हेच लिहायचं, शब्दाला शब्द, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. जिंकलो म्हणून समज.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"गाडी त्याच्या नावावर आहे. पत्रं त्याच्या नावाने येतात. आणि टपाल तो स्वतः उघडतो, मला हात लावू देत नाही. ते एक काम राहिलंय त्याचं. चहाच्या वेळी एकेक पत्र मोठ्याने वाचतो. पार्किंगचं पत्र आलं की घाबरतो, कोट घालून निघतो, मी काही चोरलं नाही म्हणतो. मग विसरतो. दुसरं पत्र आलं की परत पहिल्यापासून." तिने नकाराचा कागद पालथा घातला. "आणि आता त्यानेच वाचायचं? बायकोने परक्यांना लिहून कळवलंय, माझ्या नवऱ्याचं डोकं चालत नाही म्हणून?"

"मग देऊन टाक शंभर पौंड."

"तू देतोस? आमचं पंधरा दिवसांचं वाणसामान आहे ते."

मला तिचा राग आला, कंपनीचा आला आणि सगळ्यात जास्त त्या मथळ्याचा आला. मी तिला शब्द दिला. अपील माझ्या कॉम्प्युटरवरून करतो, पत्ता माझा देतो, उत्तर माझ्याकडे येईल. तुझ्या दारात त्याबद्दलचा एक कागद येणार नाही.

"नक्की?"

"नक्की."

त्या दुपारी आम्ही पत्र लिहिलं. तिने दोनदा सॉरी घातलं, मी दोनदा काढलं. शेवटी तिने विचारलं, "'तसदीबद्दल क्षमस्व' चालेल का?" मी नुसतं बघितलं. ते वाक्यही गेलं. चिठ्ठी जोडताना ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

पाच आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी पंचाकडून ईमेल आली. कंपनीने माघार घेतली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी चढ न थांबता चढलो. त्यांच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा धाप लागली होती, आणि तिथे उभ्याउभ्याच मला आठवलं की माझा पत्ता पंचाकडे आहे. कंपनीकडे नाही. कंपनी पत्र पाठवते ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला. बावीस वर्षं याच कामात घालवली, आणि हे विसरलो.

एव्हरिलने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की उशीर झाला होता.

स्वयंपाकघरात रोलंड टेबलाशी बसला होता, दाढी करून, टाय लावून. समोर टोस्ट, मुरांबा आणि नीट कापून उघडलेलं पाकीट. सुरीने पाकीट कापायची त्याची जुनी सवय.

"ये, नेव्हिल," तो म्हणाला. "बस. गुडघे कसे आहेत?"

मला नावाने हाक मारली म्हणजे त्याचा दिवस चांगला होता. नेमका तोच दिवस चांगला निघावा, याइतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत काही वाटलं नव्हतं.

त्याने पत्र पुन्हा हातात घेतलं आणि वाचलं, चाळीस वर्षं दुसऱ्यांचं टपाल वाटलेल्या माणसाच्या स्पष्ट आवाजात. "'प्रिय श्री. एन्टविसल, आपल्या स्मृतिभ्रंशाच्या आजाराबाबत सादर झालेला पुरावा आणि आपण परत आल्यास गाडी दिसावी म्हणून ती जागेवरून न हलवण्यात आल्याचे निवेदन विचारात घेऊन, सदर शंभर पौंडांची आकारणी माफ करण्यात येत आहे.'"

एव्हरिल ओट्याला टेकून उभी होती, हातात किटली, आणि किटली तिला खाली ठेवता येत नव्हती. मी तोंड उघडलं. सगळा घोळ माझा आहे, हे मला सांगायचं होतं, आणि जिभेवर तोच शब्द आला, जो मी त्या दुपारी तिच्या पत्रातून दोनदा खोडला होता. माझ्याआधी रोलंड बोलला.

"तू तिथेच थांबलीस," तो तिला म्हणाला. "गाडी हलवली नाहीस."

"नाही."

त्याने पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकिटावरचं आपलं नाव अंगठ्याने पुसल्यासारखं केलं.

"सॉरी गं, एव्हरिल."

तिने किटली खाली ठेवली. त्याच्या कपात चहा ओतला, दूध घातलं, बशी त्याच्यापुढे सरकवली.

"माफ केलंय," ती म्हणाली. "आत्ताच वाचलंस ना? चहा घे."